नाट्यशास्त्र झालं, आता पोटाचं काय?

माझा एम.ए.चा निकाल लागला त्या दिवशी परभणीला आमच्या घरी पेढे आले. पेढा हातात तसाच धरून आत्याने विचारलं, "पण ह्याच्यावर नोकरी कुठं लागत असती का ग?" बाबा एसटीत कंडक्टर. ते पेपरात डोकं घालून बसले. आई आत निघून गेली. मी मात्र मनात हसले, कारण मला सगळं ठरलेलं दिसत होतं. मुंबईला जायचं, ऑडिशन द्यायची, नाटकात काम करायचं.

आत्याचा तोच प्रश्न हल्ली दर जून-जुलैत मला फोनवर ऐकू येतो. विचारणारे असतात नाट्यशास्त्र विभागांतून नुकते बाहेर पडलेले पोरंपोरी. त्यांना तुकड्यातुकड्यांनी जे सांगत आले, ते इथे एकदाचं लिहून काढते.

आधी मी काय करते ते सांगते, म्हणजे सल्ला कोण देतंय ते कळेल. मी प्रकाशयोजना करते आणि दुसऱ्यांनी केलेल्या प्रकाशयोजना प्रयोगाला ऑपरेट करते. शाळांत नाटक शिकवते. वर्षाकाठी एखादी भूमिका करते. घर चालतं ते पहिल्या दोन कामांवर. जिच्यासाठी घर सोडलं ती तिसऱ्या नंबरवर आहे, आणि हे लिहिताना मला आता वाईट वाटत नाही. पाच-सहा वर्षांपूर्वी वाटलं असतं.

दादरला 2014 साली एका व्यावसायिक नाटकाच्या ऑडिशनला गेले होते. उतारा पाठ, शब्दोच्चार स्वच्छ, मराठवाडी हेल घासून घासून घालवलेला. तीन मिनिटांत "छान, कळवतो" झालं. मी पिशवी उचलत असताना नाटकाचे व्यवस्थापक, साठीचे एक काका, सहज म्हणाले, "ताई, दुसरं काय येतं?" मला राग आला. एम.ए. झालेल्या मुलीला दुसरं काय येतं म्हणजे काय? तरी तोंडातून निघून गेलं, "लाइट येतात." विभागात आमचे प्रकाशयोजनेचे सर मुलगा-मुलगी न पाहता सगळ्यांना शिडीवर चढवायचे, म्हणून येत होते. काकांनी मान वर करून माझ्याकडे नीट पाहिलं. चौथ्या दिवशी मी ठाण्याच्या गडकरी रंगायतनला लाइटच्या बोर्डाशेजारी वही घेऊन उभी होते. एका प्रयोगाला, म्हणजे नाइटला, पाचशे रुपये.

तुम्हाला हाच प्रश्न विचारला जाणार आहे. आपण अभिनय शिकून येतो आणि समजतो की नाटक म्हणजे रंगमंचावरचे सहा जण. प्रयोगाला निघणाऱ्या बसमध्ये मात्र पंधरा-सोळा माणसं असतात. नेपथ्य लावणारे, कपडेपट सांभाळणारे, मेकअपमन, संगीत देणारा, लाइटवाला, व्यवस्थापक. ह्यांच्यात नाट्यशास्त्र शिकलेली माणसं फार थोडी. बहुतेक जण कुणाच्या तरी हाताखाली उमेदवारी करत आलेले, आणि त्यांना आपल्या पदवीचं काडीचं कौतुक नसतं. पहिले दोन महिने मला बोर्डाला हात लावू दिला नाही. गॅलरीतून केबल ओढायची, दिव्यांपुढे लावायचं रंगीत जिलेटीन कापायचं, चहा सांगायचा. मी रडले. पण त्या दोन महिन्यांत मी ते नाटक एकोणीस वेळा पाहिलं. तालमीत नट जे करतो आणि मंगळवारच्या अर्ध्या रिकाम्या प्रेक्षागृहात तोच नट जे करतो, त्यातला फरक मला कुठल्याही वर्गात कळला नव्हता.

शिक्षण कुठे घ्यावं, हा प्रश्न बारावीच्या मुलांच्या आईबाबांचा असतो, त्याबद्दल थोडक्यात. महाराष्ट्रात आपल्याकडे छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातला नाट्यशास्त्र विभाग आहे, पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे (1987 पासून, तिथे गुरुकुल पद्धतीचा अभ्यासक्रम चालतो), मुंबई विद्यापीठाची कलिन्याची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स आहे, ती 2003 साली दिग्दर्शक वामन केंद्र्यांनी उभी केली. गोव्यात पणजीला कला अकादमीची नाट्यशाळा आहे. ह्यांतलं चांगलं कुठलं हे मी सांगणार नाही. फी किती, वसतिगृह मिळतं का, आणि वर्षाला किती नाटकं उभी राहतात, एवढंच विचारा. तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. ज्या विभागात वर्षाला चार निर्मिती होतात आणि तुम्हाला त्यांतल्या दोन विंगेतून कराव्या लागतात, तो विभाग तुम्हाला पोटापाण्याचं देतोय, भले वेळापत्रकात तसं लिहिलेलं नसो.

दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचं स्वप्न सगळ्यांना असतं, मलाही होतं. कुठल्याही शाखेची पदवी चालते, पण किमान सहा नाटकांत काम केल्याचा अनुभव मागतात. पहिली फेरी देशातल्या वेगवेगळ्या शहरांत होते, त्यातून निवडलेल्यांची दिल्लीत काही दिवसांची कार्यशाळा. निवड झाली तर शिष्यवृत्ती मिळते, त्यामुळे घरची परिस्थिती बेताची आहे म्हणून अर्ज न करणं हा वेडेपणा आहे. वयाची अट आणि तारखा त्या त्या वर्षीच्या जाहिरातीत पाहा.

मी 2013 साली त्या कार्यशाळेपर्यंत पोचले आणि तिथून परत आले. मंडी हाउसच्या चौकात चहा पिताना माझ्या गटातला मणिपूरचा मुलगा थांग-ता ह्या तिकडच्या युद्धकलेचे हात करून दाखवत होता. केरळची मुलगी नुसत्या डोळ्यांनी हसवत होती. कुणीतरी मला म्हणालं, "तू भी कुछ दिखा." मी म्हणाले, मला तसं काही येत नाही. वास्तविक माझे आजोबा भारूड करायचे, नवरात्रात आमच्या वाड्यात रात्र रात्र चालायचं, आणि 'विंचू चावला' मला सगळं, हातवाऱ्यांसकट पाठ होतं. पण ते 'येणं' असतं हे मला ठाऊकच नव्हतं. मला वाटायचं, शिकले ते नाटक आणि घरी होतं ते गावंढळ. निवड न होण्याचं कारण तेच होतं असं मी म्हणत नाही. पण मराठवाड्यातून, विदर्भातून, कोकणातून येणाऱ्या मुलांना मी हा किस्सा मुद्दाम सांगते. दशावतार, गोंधळ, कीर्तन, दंडार, जे घरात किंवा गावात पाहिलं असेल ते अर्जात लिहा. आज मी शाळेत पहिल्या तासाला मुलांना भारूड म्हणायला लावते, आणि त्याचेच मला पैसे मिळतात.

आता पैशांचं बोलू. मराठी माणूस नाटकावर तासन्‌तास बोलतो, फक्त ह्या विषयावर गप्प होतो. माझी 2014-15 ची डायरी माझ्याकडे आहे. वर्षभरात 63 नाइट, पाचशेने 31,500. दोन शाळांची गॅदरिंग बसवली, 24,000. मालिकेत दोन दिवस नर्सची भूमिका केली, 3,000. एकूण 58,500. डोंबिवलीत चौघी मुली मिळून एक खोली घेतली होती, माझ्या वाट्याला महिना अडीच हजार भाडं. म्हणजे 30,000 भाड्यातच गेले. उरलेल्यात लोकलचा पास आणि जेवण बसत नव्हतं. बाबा पैसे पाठवत होते. ज्यांना घरून काहीच येणार नाही त्यांनी हे आकडे आधी वाचावेत आणि मग गाडीत बसावं. पहिली दोन वर्षं दुसरं काहीतरी काम हाताशी हवंच. माझ्या खोलीतली एक मुलगी सकाळी सहा ते दहा एका कॉल सेंटरला जायची आणि अकराला तालमीला. ती आज चांगली वेशभूषाकार आहे.

नाइट म्हणजे प्रयोगामागे मिळणारे पैसे. तालमीचे बहुधा मिळत नाहीत, किंवा जाण्या-येण्याचा खर्च मिळतो. प्रयोग रद्द झाला की नाइट गेली. म्हणून नव्या माणसाने एक वही ठेवावी: तारीख, नाट्यगृह, कितवा प्रयोग, पैसे मिळाले की बाकी. माझ्या अकरा नाइट एका निर्मात्याकडे अडकल्या, तेव्हा मी ओरडले, भांडले, काही झालं नाही. मग ती वही काढून तारखांसकट एक कागद त्यांच्या व्यवस्थापकाच्या हातात दिला. दोन हप्त्यांत सात नाइटचे पैसे आले. चारचे बुडाले ते बुडाले. वही नसती तर अकराही गेले असते.

मालिकांचं गणित वेगळं. पैसे जास्त, पण हातात येतात ते साधारण नव्वद दिवसांनी, आणि शिफ्ट बारा-तेरा तासांची. नाटकवाले मालिकांना नाकं मुरडतात, मला ते पटत नाही. घोडबंदर रोडला सेटवर उभं राहून भाडं निघत असेल तर निघू द्या. एकच सांभाळा: मालिकेची तारीख शनिवार-रविवारी देऊ नका. व्यावसायिक नाटकाचा सगळा प्राण त्या दोन दिवसांत असतो. दोनदा "शूटिंग आहे" म्हणालात, की तिसऱ्यांदा फोन दुसऱ्याला जातो, आणि तो 'रिप्लेसमेंट' मग कायमचा होतो.

ह्या धंद्याला ऋतू आहेत, शेतीसारखे. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, चार वर्षं घालवून कळलं. पावसाळ्यात तालमी. नवी नाटकं दिवाळीच्या आसपास उघडायची तयारी चालते, म्हणजे काम भरपूर आणि पैसा शून्य. पितृपक्षात तिकीटबारी सुस्त. दिवाळीनंतर राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेऱ्या सुरू होतात, वेगवेगळ्या केंद्रांवर, आणि तिथे प्रकाशयोजनेला, नेपथ्याला शिकलेली माणसं हवी असतात. नांदेडला, जळगावला, चंद्रपूरला हौशी संघ वर्षभर पैसे जमवून नाटक करतात आणि मुंबईहून माणूस बोलावतात. का? तुमच्याच गावात तुम्ही का नाही? हा प्रश्न मी स्वतःला उशिरा विचारला. परभणीच्या एका संघाचे लाइट मी पहिल्यांदा केले तेव्हा आत्या पाहायला आली होती. नंतर म्हणाली, "तू कुठं होतीस? दिसलीच नाहीस की." पण मैत्रिणींना सांगितलं, "उजेड हिचा होता."

डिसेंबर-जानेवारीत शाळांची गॅदरिंग. 25 जानेवारीच्या रात्री चतुरंग संस्थेची सवाई एकांकिका स्पर्धा, रात्रभर चालते, तिथे पैसे मिळत नाहीत पण नवीन लेखक-दिग्दर्शक एकाच रात्री दिसतात. झोप काढून जा. मार्चमध्ये परीक्षा, बुकिंग पडतं. एप्रिल-मेमध्ये बालनाट्य शिबिरं. हे चक्र एकदा डोक्यात बसलं, की ऑगस्टमध्ये खिसा रिकामा झाल्यावर आपण नालायक आहोत असं वाटत नाही. ऑगस्ट आहे म्हणून रिकामा आहे.

शाळेच्या कामाबद्दल लोक कमीपणाने बोलतात. 'गॅदरिंग बसवणारी बाई' असं मलाही ऐकवलं गेलंय. तीनशे मुलं, सहा नाच, दोन नाटुकली, प्रत्येक आईला आपलं मूल पुढच्या रांगेत हवं, आणि मुख्याध्यापक म्हणतात संस्थाचालकांचं भाषण मध्ये घ्या. हे ज्याला जमतं त्याला कुठल्याही व्यावसायिक नाटकाचं रंगमंच व्यवस्थापन जमेल. मला क्यू-शीट, म्हणजे कुठल्या क्षणी काय लावायचं त्याची यादी, शिस्तीत लिहायची सवय गॅदरिंगने लावली. शिवाय शाळेचं काम एकदा नीट झालं की पुढच्या वर्षी फोन येतोच. कायमस्वरूपी नाट्यशिक्षक घेणाऱ्या शाळाही शहरांत वाढताहेत. महाविद्यालयात शिकवायचं असेल तर 'नेट' ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा द्या, त्यात नृत्य-नाट्याचा स्वतंत्र विषय आहे. पण तिथेही बहुतेकदा सुरुवात तासिका तत्त्वावर होते. मी दोन वर्षं एका महाविद्यालयात तसं शिकवलं, मानधन आठ-आठ महिने लांबायचं. ते सोडलं.

मुलांच्या नाटकात खरोखर रस असेल तर दोन गोष्टी पाहून या. पुण्यातली ग्रिप्सची नाटकं, 1986 साली मोहन आगाश्यांनी बर्लिनच्या ग्रिप्स थिएटरकडून ही कल्पना इकडे आणली, त्यात मोठी माणसं लहान मुलांच्या भूमिका करतात आणि मुलांना न भावणाऱ्या गोड गोष्टी सांगत नाहीत. दुसरी, राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा नाट्यशिक्षणाचा विभाग, 1989 पासून चालू आहे. त्यांचा आगरतळ्याचा अभ्यासक्रम तर नाटकातून शिक्षण ह्याच विषयाचा आहे. दिल्लीकडे डोळे लावून बसलेल्यांना आगरतळा दिसतच नाही.

माझ्या वर्गातल्या एका चंद्रपूरच्या मित्राने मात्र आमच्यापैकी कुणी केलं नाही ते केलं. मुंबईत सहा महिने काढून तो सरळ विदर्भात परत गेला, वडशाला. वडसा म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातलं देसाईगंज, पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी रंगभूमीची राजधानी. तिथल्या रस्त्यांवर नाटक मंडळ्यांची कार्यालयं आहेत, किराणा दुकानांसारखी. दिवाळीनंतर हंगाम सुरू होतो तो होळीपर्यंत. गावातली मंडळी येऊन नाटक ठरवतात, बयाणा देतात, आणि मग रोज नवं गाव. प्रयोग रात्री दहा-साडेदहाला सुरू होऊन उजाडेपर्यंत चालतो. गाणी असतात, वादक समोर बसलेले, प्रॉम्प्टर असतोच असतो कारण हंगामात तीन-चार नाटकं डोक्यात ठेवायची असतात. पुण्या-मुंबईच्या माणसाला हे फार भडक वाटेल. मी 2017 च्या जानेवारीत त्याचा प्रयोग पाहायला गेले, कुडकुडत. पाच हजारांचं पब्लिक असावं, घरून पांघरुणं घेऊन आलेलं. दुसऱ्या अंकात माझ्या मित्राला माईकपासून चार पावलं मागे जाऊन आईच्या पाया पडायचं होतं. आवाज पोचणार नाही म्हणून त्याने तिथल्या तिथे वाक्य गाऊन टाकलं! पब्लिकने टाळ्यांचा पाऊस पाडला. विभागात आम्हाला 'प्रोजेक्शन' शिकवलं होतं, पण हे असं नव्हे.

त्याचं सांगायचं कारण, तो त्या पाच महिन्यांत जेवढे प्रयोग करतो तेवढे मुंबईतला नावाजलेला नट वर्षात करत नसेल. उरलेले सात महिने तो धानाची शेती पाहतो. तिथले कलावंत परशुराम खुणे ह्यांना 2023 साली पद्मश्री मिळाली तेव्हा शहरातल्या वर्तमानपत्रांना झाडीपट्टीची आठवण झाली. तुम्ही विदर्भातले असाल, गाता गळा असेल, तर आधी वडशाचा विचार करा आणि मग दादरचा. हा माझा सल्ला ऐकून पोरं हसतात. हसू देत.

मला सर्वांत जास्त शिकवलं ते 2020 ने. मार्चमध्ये नाट्यगृहं बंद झाली. नोव्हेंबरात निम्म्या खुर्च्यांवर उघडली, पुन्हा बंद झाली, आणि परत उघडली ती 22 ऑक्टोबर 2021 ला, तीही निम्म्याच खुर्च्यांवर. दीड वर्षांच्या वर. नावाजलेल्या नटांकडे मालिका होत्या. केबल ओढणाऱ्यांकडे काय होतं? आमच्या बसचा चालक भाजी विकायला लागला. ज्या काकांनी मला दुसरं काय येतं विचारलं होतं, ते गावी गेले ते परत आले नाहीत. मी ऑनलाइन मुलांचे गोष्टींचे वर्ग घेतले, ध्वनिपुस्तकांचं वाचन केलं, आणि आवाजाच्या कामात मला गोडी आहे हे तेव्हा कळलं. तेव्हापासून माझा एक नियम आहे: पैसे आले की आधी सहा महिन्यांचं भाडं बाजूला. आरोग्य विमा स्वतःचा स्वतः काढा. शिडीवरून पडलात तर नाटक दुसऱ्या दिवशीही होतं.

सरकारी पैशांकडे आपली मुलं पाहतच नाहीत, फॉर्म किचकट म्हणून. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठी शिष्यवृत्ती आहे, वय 18 ते 25, महिना पाच हजार, दोन वर्षं. पंचवीस ते चाळिशीतल्यांसाठी कनिष्ठ फेलोशिप, महिना दहा हजार, तीही दोन वर्षं. श्रीमंत करणारी रक्कम नाही, पण 58,500 वर वर्ष काढलेल्या मुलीला विचारा पाच हजार म्हणजे काय ते. पुण्यात तरुण रंगकर्मींसाठी विनोद दोशी फेलोशिप आहे. अर्ज लिहिताना 'रंगभूमीची सेवा' वगैरे लिहू नका. काय करणार, कुठल्या गावात, किती दिवस, शेवटी हातात काय असेल, ते लिहा. माझा पहिला अर्ज सेवेने भरलेला होता, तो परत आला. दुसऱ्यात मी परभणी जिल्ह्यातली भारुडं आणि त्यांतला उजेड, म्हणजे दिवटी, गॅसबत्ती आणि नंतर ट्यूबलाइट, असा विषय लिहिला. तो पास झाला.

मुलींसाठी दोन शब्द. लाइटच्या शिडीवर मुलगी पाहून लोक अजून थबकतात. रात्री साडेनऊचा प्रयोग बारा-साडेबाराला संपतो, सेट उतरेपर्यंत दीड. शेवटची लोकल गेलेली असते. काम स्वीकारतानाच विचारा की परतीची सोय काय, आणि नाही म्हणाले तर टॅक्सीचे पैसे नाइटमध्ये धरून सांगा. मी पहिली तीन वर्षं लाजेने विचारलं नाही आणि दादर स्टेशनवर पहाटेची पहिली गाडी येईपर्यंत बसून राहायचे. दौऱ्यावर मुक्काम कुठे, खोलीत कोण, हेही आधीच. ह्यात भांडखोर ठरण्याची भीती वाटते. ठरा.

आणि सारखा विचारला जाणारा प्रश्न, "आम्ही आमचंच नाटक का करू नये?" करा ना. छोट्या जागा आता बऱ्याच आहेत, पुण्यात सुदर्शन रंगमंच, श्रीराम लागू रंग-अवकाश, मुंबईत पृथ्वी तर 1978 पासून आहे. पण आधी कागद. लेखकाची लेखी परवानगी, तोंडी नाही. संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र, ज्याला सगळे सेन्सॉर म्हणतात. ते शेवटच्या आठवड्यावर ठेवलंत तर प्रयोगाच्या दिवशी घाम फुटेल. तिकीट पाचशेपर्यंत असेल तर त्यावर जीएसटी नाही, तेवढं एक बरं आहे.

आम्ही सहा जणांनी गेल्या वर्षी केलं. दीड तासाचं, दोन खुर्च्या आणि एक माठ एवढंच नेपथ्य. पहिल्या प्रयोगाचा हिशेब देते: दोनशे रुपयांची नव्वद तिकिटं गेली, 18,000. जागेचं भाडं 5,500, लाइट 3,500 (माझेच, पण दिवे भाड्याचे), टेम्पो 2,500, लेखकाला 1,000, चहा-जेवण 1,500, ऑनलाइन तिकिटांची कटती आणि छपाई मिळून 1,000. उरले 3,000. प्रत्येकाला पाचशे. मी त्यात चाळीस मिनिटांची भूमिका करते आणि बोर्डावर नाट्यशास्त्रातून नुकतीच बाहेर पडलेली लातूरची एक मुलगी असते. तिला मी पहिल्या दिवशी विचारलं होतं, दुसरं काय येतं? ती म्हणाली, "हिशेब येतो, घरचं किराणा दुकान आहे." वरचा हिशेब तिचाच आहे.

दुसरा प्रयोग नाशिकला झाला, तिसऱ्याला पुण्यात एवढा पाऊस पडला की एकतीस माणसं आली. चौथ्यासाठी सप्टेंबरची तारीख मागितली आहे, अजून मिळालेली नाही.